एकरूप की समरूप? बाबाबा दोन्हीकडे आहे, घोळ तिथेच आहे

दहावीच्या भूमितीत पहिलाच धडा समरूपता, आणि पोरं नववीचं एकरूप डोक्यात घेऊन तिथे बसतात आणि मग सगळी खिचडी. खरं सांगू का, चूक पोरांची कमी आहे, दोन त्रिकोण एकरूप की समरूप हे ठरवायच्या कसोट्यांची नावंच तशी ठेवलीत, बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) इकडेही आणि बाबाबा तिकडेही, बाकोबाचं (बाजू-कोन-बाजू) पण तेच.

कंपासपेटीतला ३०-६०-९० वाला गुण्या काढा. आता सर फळ्यावर धरतात तो मोठा लाकडी गुण्या आठवा. कोन तेच, साइज वेगळी, म्हणजे समरूप. शेजारच्याचा अगदी तसाच गुण्या आपल्या गुण्यावर ठेवला आणि काठाला काठ बसला की एकरूप, उलटा करून बसला तरी चालतं.

म्हणूनच एकरूपतेत कोकोको (कोन-कोन-कोन) कसोटी नाहीच, कारण नुसत्या कोनांवरून लांबी कळत नाही. समरूपतेत मात्र दोन कोन जुळले की काम झालं, तिसरा १८० मधून वजा करून तोच येणार.

आता बाबाबा. एकरूपसाठी तिन्ही बाजू समान हव्यात, समरूपसाठी प्रमाणात हव्यात, बस एवढाच फरक पण पेपरात हाच विसरतात. ३, ४, ५ आणि ६, ८, १० घ्या. लहानाखाली लहान, मोठ्याखाली मोठी लिहून भागा: ३/६, ४/८, ५/१०, तिन्हीकडे १/२ आलं, समरूप. एकरूप नाही.

माझं आवडतं उदाहरण वेगळंच आहे. एका त्रिकोणाच्या बाजू ८, १२, १८ आणि दुसऱ्याच्या १२, १८, २७. भागलं तर तिन्ही वेळा २/३, म्हणजे समरूप, म्हणजे तिन्ही कोन समान. वर १२ आणि १८ या दोन बाजूही दोघांत आहेत! तीन बाजू, तीन कोन अशा सहापैकी पाच गोष्टी सारख्या आणि तरी एकरूप नाहीत, कारण १२ आणि १८ दोघांत वेगवेगळ्या जागी आहेत, पहिल्यात १८ सगळ्यात मोठी आणि दुसऱ्यात मधली. संगत बाजू (म्हणजे दोन त्रिकोणांत एकाच जागी येणाऱ्या, जोडीच्या बाजू) हा शब्द पुस्तकात सारखा सारखा का येतो ते इथे कळतं, आणि त्रिकोणाचं नाव लिहिताना अक्षरांचा क्रम का सांभाळायचा तेही.

क्षेत्रफळाचं बघू. एकरूप असतील तर क्षेत्रफळ सारखंच, विषय संपला. समरूपमध्ये बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो.

समजा त्रिकोण एबीसी आणि पीक्यूआर समरूप आहेत, एबी = ४ सेमी, पीक्यू = ६ सेमी, एबीसीचं क्षेत्रफळ २४ चौसेमी, तर पीक्यूआरचं किती?
बाजूंचं गुणोत्तर ४/६ = २/३
क्षेत्रफळांचं गुणोत्तर ४/९
२४/क्ष = ४/९
४क्ष = २१६
क्ष = ५४ चौसेमी

वर्ग करायचा राहिला की ३६ येतं, आणि ते इतकं गोंडस उत्तर दिसतं की कोणी परत तपासत पण नाही. ५४ पटत नसेल तर एबी हाच पाया धरा, ४ चा पाया आणि २४ क्षेत्रफळ म्हणजे उंची १२. दीडपट केल्यावर पाया ६ होतो आणि उंचीसुद्धा दीडपट होऊन १८, मग ६ गुणिले १८ चं अर्धं करून बघा.