ओटा कोणाच्या कोपराला?

नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधी बिल्डरचा माणूस बरेच काही विचारतो. टाइल कुठली, नळ कुठल्या कंपनीचा, ग्रॅनाइट काळा की करडा. ओट्याची उंची विचारत नाही. ती गवंड्याला पाठ असते: ३२ ते ३४ इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर. पुढची तीस वर्षे त्या ओट्याशी रोज दोन-तीन तास कोण उभे राहणार, तिचे किंवा त्याचे कोपर जमिनीपासून किती उंचीवर आहे, याची नोंद कुठेच होत नाही. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: 'स्टँडर्ड साइज आहे.'

हे 'स्टँडर्ड' नेमके कोणाचे, या प्रश्नापासून प्रॉडक्ट डिझाइनच्या अभ्यासातला अर्गोनॉमिक्स, म्हणजे वस्तू आणि काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचे शास्त्र, हा विषय सुरू होतो. डिझाइनला प्रवेश घ्यायचा म्हणजे चित्रकला चांगली हवी, एवढीच समजूत अजून घरोघर दिसते. चित्र काढता आले पाहिजेच, पण मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून असलेल्या आयडीसी या डिझाइन विभागात किंवा अहमदाबादच्या १९६१ च्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या मुलांना पेन्सिलीइतकीच मोजपट्टीही हाताळावी लागते. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठीच्या यूसीड या प्रवेश परीक्षेला बारावीच्या कला, वाणिज्य, विज्ञान अशा कुठल्याही शाखेतून बसता येते. त्यामुळे वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने संख्याशास्त्र पाहिलेले असते आणि दुसऱ्याने नसते, आणि या विषयात दोघांनाही त्याची गरज पडते. अर्गोनॉमिक्स हा शब्द ग्रीक 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमॉस' म्हणजे नियम यांवरून आला. पोलंडच्या वोय्चेख यास्त्शेंबोव्स्की यांनी तो १८५७ मध्ये वापरला आणि ब्रिटनमध्ये १९४९ पासून तो एका स्वतंत्र विद्याशाखेचे नाव झाला.

पहिले काम मोजण्याचे. ते सोपे वाटते, म्हणूनच ते चुकते. उभ्या माणसाच्या कोपराची उंची घ्यायची तर तो अनवाणी, सपाट फरशीवर, टाचा जुळवून उभा हवा. नजर समोर ठेवायची: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. दंड अंगालगत मोकळा सोडायचा, कोपर काटकोनात वाकवायचे आणि जमिनीपासून वाकवलेल्या कोपराच्या खालच्या टोकापर्यंत अँथ्रोपोमीटरने, म्हणजे सरकत्या दांडीच्या उभ्या मोजपट्टीने, माप घ्यायचे. यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. ज्याचे माप घेतले जाते तो नकळत खांदे उचलतो, त्यामुळे कोपर एक-दोन सेंटिमीटर वर जाते. शिंपी वापरतात ती कापडी टेप तिरकी धरली जाते. आणि वेळेची नोंद करायची राहून जाते. दिवसभर उभे राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळी उठल्यावर असलेली उंची संध्याकाळपर्यंत साधारण एका सेंटिमीटरने कमी होते.

म्हणून प्रत्येक माणूस दोनदा मोजायचा आणि मोजणाऱ्याची चूकही काढायची. दोन मापांमधल्या फरकांचे वर्ग करा, त्यांची बेरीज करा, ती माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ घ्या. १० माणसांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ५ आली, तर ५ भागिले २० म्हणजे ०.२५ आणि वर्गमूळ ०.५. मोजणाऱ्याची चूक अर्धा सेंटिमीटर. ओट्यासाठी हे चालते. चष्म्याच्या फ्रेमसाठी मुळीच चालणार नाही.

आता मापे हातात आली. पुढचा मोह असतो सरासरी काढण्याचा, आणि इथेच या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे.

१९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली दहा मापे निवडली आणि एक साधा प्रश्न विचारला: या दहाही मापांत 'साधारण सरासरी' असलेले वैमानिक किती? सरासरीची व्याख्याही त्याने सैल ठेवली होती. मध्याच्या आसपासचा बऱ्यापैकी रुंद पट्टा त्यात धरला होता. उंचीच्या चाळणीतून १,०५५ जण उरले. त्यांपैकी छातीच्या घेरातही सरासरी असलेले ३०२. बाहीच्या लांबीची तिसरी चाळणी लावली आणि उरले १४३. दहाव्या चाळणीनंतर एकही उरला नाही. सरासरी वैमानिकासाठी बनवलेले विमान चार हजारांपैकी एकाच्याही मापाचे नव्हते. पुढे आसन, पट्टे, हेल्मेट हे सगळे मागेपुढे, सैल-घट्ट करता यावे या विचाराला यातूनच बळ मिळाले.

असे का होते? कारण शरीराची मापे एकमेकांशी बांधलेली असतात, पण सैल दोरीने. हे ओट्यावर ताडून पाहू. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंमी आहे. कोपर साधारणपणे उंचीच्या ०.६३ पट उंचीवर असते, म्हणजे ९६ सेंमीवर. या मापाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ४ सेंमी धरू. पर्सेंटाइल हा शब्द सीईटीच्या निकालांनी घराघरांत पोचवलाच आहे. ५ वा पर्सेंटाइल म्हणजे ज्याच्या खाली फक्त पाच टक्के लोक येतात ते माप. ते काढायला सरासरीतून प्रमाण विचलनाची १.६४५ पट वजा करायची, आणि ९५ व्यासाठी तेवढीच मिळवायची. उत्तर ८९.४ आणि १०२.६. म्हणजे टोकाच्या दहा टक्के स्त्रिया सोडून दिल्या तरीही कोपरांत १३ सेंमीचा, पाच इंचांहून जास्त फरक राहतो.

यावर इंटरनेटवर एक सोपा तोडगा फिरत असतो: 'तुमची उंची सांगा, ओट्याची उंची घ्या.' उंची आणि कोपर यांचा सहसंबंध खरोखरच घट्ट आहे. तो ०.९ धरू, १ म्हणजे पूर्ण बांधलेले. तरीही उंची कळल्यावर कोपराबद्दलची अनिश्चितता पूर्ण जात नाही. उरलेला पसारा काढायला सहसंबंधाचा वर्ग (०.८१) एकातून वजा करा, उरलेल्या ०.१९ चे वर्गमूळ घ्या (०.४४) आणि त्याने ४ ला गुणा. उत्तर सुमारे १.७५ सेंमी. शंभरातल्या पंचाण्णव जणी या आकड्याच्या दुपटीच्या आत दोन्ही बाजूंना पसरलेल्या असतात, म्हणजे एकूण ७ सेंमीत. अगदी सारख्या उंचीच्या दोन मैत्रिणींच्या कोपरांतही पावणेतीन इंचांपर्यंत फरक पडू शकतो. एकीचे पाय लांब, दुसरीचे धड लांब. म्हणून तक्ता बघू नका, कोपर मोजा.

आणखी एक पायरी. '५ ते ९५ पर्सेंटाइल धरले आहेत, म्हणजे नव्वद टक्के लोकांचे काम होईल' असे विद्यार्थी अहवालात लिहितात. हे एकाच मापाबद्दल खरे आहे. स्वयंपाकघरात ओट्याची उंची, वरच्या कपाटापर्यंतची पोच आणि ओट्याची पुढून मागेपर्यंतची रुंदी अशी तीन मापे लागतात. ती पूर्णपणे बांधलेली असती तर नव्वदच टक्के राहिले असते. अजिबात बांधलेली नसती तर ०.९ चा घन, म्हणजे ७३ टक्के. खरी संख्या या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि मापे वाढत गेली की खाली सरकत जाते. पहिल्या मापात बाहेर पडलेली माणसे आणि दुसऱ्या मापात बाहेर पडलेली माणसे वेगवेगळी असतात, एवढेच त्यामागचे कारण.

सरासरी नको, तर कोणाचे माप घ्यायचे? दाराची चौकट सर्वांत उंच माणसासाठी करतात, कारण बुटक्याला उंच दाराचा त्रास नसतो. भिंतीवरच्या फळीची उंची सर्वांत कमी पोच असलेल्यासाठी ठरवतात. ओटा मात्र दोन्हीकडून अडवतो. उंच झाला तर खांदे दुखतात, बुटका झाला तर पाठ.

त्यात भर म्हणजे ओट्यावर होणारे काम एक नसते. ९६ सेंमी कोपराची बाई आणि ८५ सेंमीचा ओटा घ्या. भाजी चिरताना हात कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली हवेत. जाड फळी ठेवली की ८७ होतात, छान जमते. कणीक मळताना वरून जोर द्यायचा असतो, तिथे १५ ते २० सेंमी खाली हवे, म्हणजे ७६ ते ८१. ओटा उंच पडतो आणि मनगट व खांद्याने जोर काढावा लागतो. पूर्वी परात जमिनीवर घेऊन अंगाचा भार टाकून मळत असत, त्यात ही अडचण नव्हती. तिथे त्रास गुडघ्यांना. शेगडीची जाळी ओट्यापासून १० ते १२ सेंमी वर असते, त्यावर कढईचे तोंड आणखी १० सेंमी. म्हणजे तोंड १०६ सेंमीवर, कोपराच्याही दहा सेंमी वर. लाडवांचे बेसन अर्धा तास परतायचे तर दंड सतत बाजूला उचललेला राहतो आणि दुखायला लागतो तो खांदा. आणि सिंक? त्याचा काठ ८५ वर असला तरी भांडी तळाशी असतात, साधारण १८ सेंमी खाली. म्हणजे काम ६७ वर, कोपराच्या २९ सेंमी खाली. एकाच ओट्यावर चार कामे, चार उंच्या.

सिंकजवळ वाकण्याचे गणित सी-सॉसारखे आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या कमरेच्या वरचा भाग ढोबळमानाने ३४ किलो धरू. २० अंश पुढे झुकले की त्या वजनाचा मध्य कमरेच्या सांध्याच्या सुमारे १० सेंमी पुढे जातो. त्याला मागून धरून ठेवणारे पाठीचे स्नायू सांध्यापासून जेमतेम ५ सेंमीवर असतात. दुप्पट अंतरावरचे वजन तोलायचे तर स्नायूंना दुप्पट, ६८ किलोचा ताण द्यावा लागतो. वरचे वजन आणि हा ताण मिळून मणक्यांवर सुमारे १०० किलोंचा दाब येतो. आणि हातात असते फक्त एक ताट! शिवाय स्नायू न हलता ताणलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह घटतो, म्हणून चालण्यापेक्षा वाकून उभे राहण्याने जास्त थकवा येतो.

अनेक घरांत ओट्याबद्दल सर्वाधिक चर्चा दिशेची होते. पूर्वेकडे तोंड हवे म्हणून खिडकी पाठीमागे घेतली जाते आणि स्वतःचीच सावली चिरायच्या फळीवर पडते. तोंड कुठल्या दिशेला आहे याने कमरेवरचा दाब बदलत नाही. काम किती खाली आहे याने बदलतो. वास्तुशास्त्रासाठी भिंत हलवायला तयार असणाऱ्यांनी कोपरासाठी दोन इंच हलवायला हरकत नसावी. खुर्च्यांच्या खोक्यावर छापलेल्या 'अर्गोनॉमिक' या शब्दाचेही तसेच. कोणाच्या मापांना, कुठल्या कामासाठी, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्या शब्दाला अर्थ नाही.

आकडे हातात आले तरी डिझाइन पूर्ण होत नाही, ते माणसांवर तपासावे लागते. त्यासाठी १२ मिमी प्लायचे तुकडे एकावर एक रचून कमी-जास्त होणारा नकली ओटा करतात. ७० सेंमीपासून सुरुवात करायची, दर वेळी दोन तुकडे वाढवायचे आणि प्रत्येक उंचीला तीन-चार मिनिटे खरा कोबी चिरायला द्यायचा. उत्तरे तीनच: बुटका, उंच, ठीक. मग १०५ पासून खाली यायचे. वर जाताना आणि खाली येताना 'ठीक'चा पट्टा वेगळा येतो, कारण माणूस आताच्या उंचीची तुलना नुकत्याच सोडलेल्या उंचीशी करतो; म्हणून दोन्हींचा मध्य धरायचा. इथे काय चुकते? हॉस्टेलमधली वीस वर्षांची मुले सहज मिळतात म्हणून त्यांच्यावरच चाचणी होते. कोबीऐवजी रिकाम्या हाताने अभिनय करून घेतला जातो. घरात स्लिपर घालून स्वयंपाक करणाऱ्यांची दोन सेंमी उंची विसरली जाते. आणि बहुतेक माणसे भिडेपोटी 'ठीक आहे' म्हणतात. म्हणून बोलण्यापेक्षा बघायचे: वजन एका पायावरून दुसऱ्यावर किती वेळा गेले, पोट ओट्याला टेकले का, खांदे कानाकडे सरकले का.

पायांकडेही बघायचे. खालच्या ट्रॉल्या ओट्याच्या कडेपर्यंत आणल्या की चवडे आत जात नाहीत, माणूस वीतभर मागे उभा राहतो आणि ते अंतर कमरेतून वाकून भरून काढतो. ट्रॉलीच्या तळाशी १० सेंमी उंच आणि ८ सेंमी खोल खाच सोडली की पुरते. सुताराला हे कागदावर मापासकट लिहून द्यावे, कारण बोलून सांगितले की तिथे खाचेऐवजी स्कर्टिंगची पट्टी बसते.

ओटा नवा करायचा असेल तर शेगडीचा भाग १० सेंमी खाली आणि सिंकचा भाग तेवढाच वर घ्यावा. कडप्पा किंवा ग्रॅनाइट तीन तुकड्यांत कापावा लागतो, एवढाच फरक. जुनाच वापरायचा असेल तर चिरण्याची फळी उंच माणसासाठी चार पायांवर बसवता येते. शेगडीपुढे बुटक्या व्यक्तीला पाट हवा असेल तर तो शेगडीपेक्षा रुंद आणि खाली रबर लावलेला हवा, नाहीतर गरम कढईजवळ पाय घसरतो. आणि सिंकच्या तळाशी १० सेंमी उंच स्टीलची जाळी ठेवली, की भांडी घासण्याचे काम ६७ वरून ७७ सेंटिमीटरवर येते.