सुवर्ण त्रिकोण : अफूचा व्यापार आणि डोंगरी अर्थव्यवस्था

मेकाँग आणि रुआक या नद्यांच्या संगमापाशी म्यानमार, थायलंड व लाओस यांच्या सीमा मिळतात. तेथील डोंगराळ पट्ट्याला अफूच्या व्यापारामुळे सुवर्ण त्रिकोण हे नाव पडले. आज यातील बहुतेक अफू म्यानमारच्या शान राज्यात पिकते. थंड, उंच डोंगर थायलंडच्या उत्तरेतही आहेत, तरी तेथे हे पीक जवळजवळ संपले. त्यामुळे केवळ हवामानाने या व्यापाराचा उलगडा होत नाही.

शानमधील डोंगरउतारांवरचा भात अनेक कुटुंबांना वर्षभर पुरत नाही. खसखशीची पेरणी पावसाळा सरताना होते. पुढे बोंडांना दुपारनंतर बारीक पात्यांच्या चाकूने उभ्या चिरा देतात आणि रात्रभरात पाझरून तपकिरी झालेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात. हा चीक म्हणजेच कच्ची अफू. तो लवकर नासत नाही, किमतीच्या मानाने त्याचे वजन थोडे असते आणि व्यापारी तो दारातून उचलतो, प्रसंगी पेरणीपूर्वी उचलही देतो. रस्ता नसलेल्या गावातून कोबी बाजारात नेणाऱ्याला यांपैकी एकही सोय मिळत नाही.

१९४९ नंतर चीनमधून हटलेल्या क्वोमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाच्या तुकड्या आणि पुढे म्यानमारमधील १९६२च्या लष्करी उठावानंतर बळावलेल्या सशस्त्र गटांनी या पिकावर व काफिल्यांवर कर बसवून आपली फौज पोसली. अशाच एका गटाचा म्होरक्या खुन सा १९९६ मध्ये सरकारला शरण गेला. व्यापार मात्र इतरांकडे गेला. शान राज्यातील वा प्रदेशात २००५ मध्ये अफूबंदी झाली तेव्हा शेतकऱ्यांचे रोख उत्पन्न बुडाले आणि अन्नमदत पुरवावी लागली. रसायनांपासून बनणाऱ्या मेथॲम्फेटामिन या अमली पदार्थाच्या गोळ्यांना तर शेत, हंगाम वा शेतकरी यांपैकी काहीच लागत नाही.

थायलंडने १९६९ पासून राजाने सुरू केलेल्या राजप्रकल्पाद्वारे कॉफी, फळे, भाजीपाला डोंगरात नेला; सोबत रस्ते आणि खरेदीची व्यवस्थाही उभी केली. केवळ बियाणे वाटून हे साधले नसते. म्यानमारमध्ये उलट घडले. २०२१च्या लष्करी उठावानंतर चलन घसरले, संघर्ष पसरला आणि लागवड वाढली. अफगाणिस्तानात २०२२ मध्ये तालिबानने बंदी घातल्यावर २०२३ मध्ये म्यानमार जगातील सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला. त्या वर्षीचे अंदाजित उत्पादन १,०८० टन होते.

या व्यापाराची झळ मणिपूरपर्यंत पोचली. मोरे या सीमेवरील गावामार्गे येणारे, अफूपासून बनलेले हेरॉईन तेथे सुईने टोचून घेण्याची सवय पसरली आणि १९९० च्या दशकात तिच्याबरोबर एचआयव्हीचा संसर्गही वाढला.