फोर्कलिफ्ट चालवायची परवानगी: अर्ज नेमका कुठे अडकतो

बरेच अर्ज एकाच गैरसमजापायी परत येतात, तो म्हणजे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हातात आहे म्हणजे परवानगी मिळाली. तसं नसतं हो. सर्टिफिकेट ट्रेनिंग देणारा देतो, आणि गाडीवर बसायची परवानगी, म्हणजे ते ऑथोरायझेशन कार्ड, ज्याच्या आवारात गाडी चालवायचीय तो मालक किंवा कंपनी देते, तेही ठरावीक प्रकारच्या गाडीपुरतं आणि त्या जागेपुरतं. दुसरीकडे पाच वर्षं गाडी चालवली असली तरी नव्या ठिकाणी हे नव्यानेच करावं लागतं.

दुसरा गोंधळ लायसन्सचा. कार किंवा ट्रकचं लायसन्स जोडून लोक निवांत होतात. ते लायसन्स सार्वजनिक रस्त्यासाठी असतं. भारतात मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यातूनच फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाड्या वगळल्यात, त्यामुळे तुमचं लायसन्स गोडाऊनमधल्या रॅकसमोर काहीच सिद्ध करत नाही. गाडी गेटबाहेर रस्त्यावर काढायची असेल तर मात्र तो वेगळा विषय, तिथे नोंदणी आणि लायसन्स दोन्ही बघितलं जातं.

साधे कागद सांगून टाकतो: फोटो, ओळखपत्र, वयाचा पुरावा (बहुतेक ठिकाणी 18 पूर्ण लागतात, अमेरिकेत शेतीबाहेरच्या कामात 18 च्या खाली बंदीच आहे), आणि कंपनी मागत असेल तर डोळे, कान, चक्कर-फिट याबद्दलचं मेडिकल. चष्मा असेल तर चष्मा लावून तपासणी करा आणि तसं लिहून घ्या, नाहीतर डॉक्टर नुसतं फिट लिहून मोकळे होतात आणि सेफ्टीवाले कागद परत पाठवतात.

आता जो कागद कोणाकडेच नसतो तो. प्रत्यक्ष मूल्यमापनाची नोंद, म्हणजे तुम्हाला गाडी चालवताना कोणीतरी जाणकाराने बघितलं आणि पास केलं याचा पुरावा. ओशा, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिचा नियम 1910.178 यात सरळ आहे, वर्गातलं शिक्षण, प्रॅक्टिकल आणि कामाच्या जागी मूल्यमापन असे तिन्ही भाग झाले पाहिजेत, आणि नोंदीत चार गोष्टी हव्यात: ऑपरेटरचं नाव, ट्रेनिंगची तारीख, मूल्यमापनाची तारीख, आणि ट्रेनिंग किंवा मूल्यमापन कोणी केलं त्याचं नाव. ओशा तुमच्या देशात लागू नसली तरी बऱ्याच कंपन्या याच धर्तीवर फॉर्म बनवतात. आणि नेमकं काय होतं, तर एकच तारीख असते आणि खाली एक गिरगोटी सही, ती कोणाची हे सही करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. नाव सुवाच्य अक्षरात लिहून घ्या, दोन्ही तारखा वेगवेगळ्या टाकून घ्या, तिथेच उभं राहून.

तासाभरात मिळणारं ऑनलाइन सर्टिफिकेट याच कारणाने उडतं. व्हिडिओ बघून प्रश्न सोडवले हे थिअरी म्हणून चालू शकतं, पण स्क्रीनवर कोणी रिव्हर्स घेत नाही. पैसे भरायच्या आधी विचारा, प्रॅक्टिकल कोण घेणार आणि कुठल्या गाडीवर.

गाडीचा प्रकार हा रकाना लोक फोर्कलिफ्ट एवढंच लिहून सोडतात. हे पुरत नाही. बॅटरीवरची काउंटरबॅलन्स (मागच्या वजनाने तोल सांभाळणारी) वेगळी, अरुंद गल्लीतली रीच ट्रक वेगळी, डिझेलवरची वेगळी, खडबडीत जमिनीवरची तर पूर्णच वेगळी. आणि मागे चालत चालवायची ती मोटरवाली पॅलेट ट्रक (पॅलेट म्हणजे माल ठेवायची सपाट चौकट), तिला ट्रेनिंग लागत नाही असं सगळ्यांना वाटतं, पण अमेरिकन वर्गीकरणात ती तिसऱ्या क्लासमध्ये मोजली जाते आणि ट्रेनिंग तिलाही लागतं. पाय चिरडायला ती पुरेशी जड असते.

मुदतीचं तर विचारूच नका. तीन वर्षं हा आकडा सगळ्यांना पाठ, पण ओशाच्या नियमात तो जास्तीत जास्त आहे, दर तीन वर्षांत किमान एकदा परत मूल्यमापन, आणि तेही मागच्या मूल्यमापनापासून मोजायचं, कार्ड छापून कधी आलं त्याच्यापासून नाही. मध्ये अपघात झाला, थोडक्यात वाचलात, कोणी तुम्हाला धोकादायक चालवताना बघितलं, गाडीचा प्रकार बदलला, किंवा जागाच बदलली (नवीन रॅक, नवीन रॅम्प) तर त्या बाबतीत रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं ट्रेनिंग, लगेच लागतं, कार्डावरची तारीख काहीही असो. हे फॉर्मवर ठळक का छापत नाहीत देव जाणे.

कंत्राटी कामगारांचे हाल सगळ्यात जास्त. एजन्सी म्हणते कंपनी करेल, कंपनी म्हणते एजन्सीने सर्टिफिकेट दिलंय ना, आणि माणूस मधल्या मध्ये. ब्रिटनमध्ये ट्रेनिंगचे तीन टप्पे धरतात, बेसिक, त्या कामाचं आणि गाडीचं खास, आणि मग देखरेखीखाली प्रत्यक्ष जागेवरचा सराव. बाहेरून येताना साधारण पहिलाच टप्पा झालेला असतो. तेव्हा एजन्सीकडून बेसिकचा कागद घ्या आणि जागेवरचं मूल्यमापन कोण करणार हे पहिल्या दिवशी कंपनीच्या सुपरवायझरकडून लेखी घ्या, तोंडी होकाराला नंतर कोणी विचारत नाही.

प्रॅक्टिकलमध्ये नापास होणारे बहुतेक जण चांगले चालवणारेच असतात, सवयीने जातात. सीट बेल्ट नाही, मागे न बघता रिव्हर्स, कोपऱ्यावर हॉर्न नाही, लोड वर ठेवूनच वळण. उतरावर लोड असेल तर रिव्हर्समध्ये उतरायचं, लोड चढाच्या बाजूला राहिला पाहिजे, रिकामी गाडी असेल तर उलट, फोर्क (माल उचलणारे पुढचे दोन दांडे) उताराच्या बाजूला. गाडी सोडून 25 फुटांपलीकडे गेलात किंवा ती नजरेआड झाली तर ओशाच्या हिशोबाने ती बेवारस, म्हणजे फोर्क जमिनीला टेकवून, न्यूट्रल, ब्रेक, बंद. परीक्षक मुद्दाम काहीतरी सही करायला लांब बोलावतात, तेव्हा बघतात.

तोंडी प्रश्नांत दोन नक्की येतात. गाडी कलंडली तर काय कराल? उडी मारू असं म्हटलं की संपलं, कारण उडी मारणारा बरेचदा वरच्या लोखंडी छताखालीच सापडतो. बसलेल्या काउंटरबॅलन्स गाडीत उत्तर असं, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडायच्या उलट बाजूला झुकायचं. दुसरा प्रश्न क्षमतेचा. समजा गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर लिहिलंय 2000 किलो, लोड सेंटर (फोर्कच्या मुळापासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर) 500 मिलिमीटर. म्हणजे 1000 मिलिमीटर खोलीच्या, वजन सारखं पसरलेल्या पॅलेटपुरता तो आकडा खरा. 1500 मिलिमीटर खोलीचा खोका उचलला की वजनाचा मध्य 750 वर जातो आणि मग 2000 उचलायला गेलात तर मागची चाकं हलकी होतात. अटॅचमेंट, म्हणजे पुढे जोडायचा जादा भाग, लावली तरी क्षमता उतरते आणि प्लेटही बदलावी लागते. हे पाठ करू नका, गाडीजवळ जाऊन ती प्लेट वाचा, निम्म्या लोकांनी ती कधी पुसूनही बघितलेली नसते.

अर्ज परत आलाच तर सगळं पहिल्यापासून भरू नका, आधी कुठला भाग नाकारला ते लेखी मागा. आधी झालेलं ट्रेनिंग त्या गाडीला आणि जागेला लागू पडत असेल आणि मूल्यमापनात तुम्ही सक्षम ठरलात तर तेवढं परत घ्यायची गरज ओशाच्या नियमातही नाही, तेव्हा पूर्ण कोर्सची फी परत मागितली तर हे दाखवा. आणि या मधल्या काळात गाडीवर बसायचं तर फक्त ट्रेनी म्हणून, ट्रेनरच्या थेट देखरेखीखाली, आणि जिथे इतर लोकांची ये-जा नाही अशा जागी. शिफ्टला माणूस कमी आहे, एकच पॅलेट सरकव असं सुपरवायझर म्हणाला तरी नाही म्हणा, काही झालं तर नोंदीत नाव तुमचंच लागतं, त्याचं नाही.