आरसी एकाची, पॉलिसी दुसऱ्याची

आमच्या देवगडच्या बागेत मोहोर धरला की राखणीला येणारा माणूस नेपाळातला. माकडं हाकणं, फवारणीचा पंप ओढणं, रात्रीची गस्त, सगळं तोच बघतो. वाडीत त्याला सगळे ‘बहादूर’ म्हणतात. सगळ्याच नेपाळ्यांना म्हणतात, त्यात त्याचं असं काही नाही. मागच्या हंगामात त्याने साठवलेल्या पैशातून जुनी मोटारसायकल घेतली. एमएच ०७ पासिंग, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातलीच, मालक कणकवलीचा. व्यवहार झाल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मालक, कागद तुमच्या नावावर करा. आमचा कागद इथे कोण मानणार?”

त्याच सुमारास लंडनहून चुलतभाऊ आला होता. पासपोर्ट ब्रिटिश, सोबत ओसीआय कार्ड, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते. वर्षातले चार महिने तो गावच्या घरात काढतो. त्याने म्हापशातून एक जुनी चारचाकी उचलली होती, जीए नंबरची. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, अजून गोव्याच्या माणसाच्याच नावावर. विचारलं तर म्हणाला, “अरे, इन्शुरन्स माझ्या नावाचा काढलाय ना, म्हणजे गाडी माझीच झाली.”

दोघंही भारताचे नागरिक नाहीत आणि दोघंही चुकत होते, फक्त उलट्या दिशांनी. एकाला वाटत होतं आरसीवर नाव कोणाचं का असेना, गाडी चालवायला मिळाल्याशी कारण. दुसऱ्याला वाटत होतं पॉलिसीवर नाव आलं म्हणजे मालकी आली.

आरसी हा सरकारी नोंदवहीतला उतारा आहे. कायद्याने ही गाडी कोणाची, एवढं तो सांगतो. पॉलिसी हा करार आहे. कंपनी कोणाला, कशासाठी, किती पैसे देणार ते त्यात लिहिलेलं असतं. एक आरटीओत बदलतो, दुसरा विमा कंपनीत, आणि एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून घराच्या विजेच्या बिलावरचं नाव बदलतं का? तसंच.

आधी नागरिकत्वाचा बाऊ बाजूला करू. १९८८ चा मोटार वाहन कायदा गाडीच्या मालकाकडे पत्ता मागतो. कलम ४० म्हणतं, मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, त्या राज्यातल्या आरटीओ कार्यालयात नोंदणी करा. तो भारताचाच नागरिक हवा, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे घोडं अडतं ते पत्त्याच्या पुराव्याशी. पासपोर्टच्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

ओसीआयवाल्याला त्यातल्या त्यात सोपं. पत्त्याचा पुरावा मागितला तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून ‘हा माझा भारतातला राहण्याचा पत्ता’ असं लिहून देता येतं. वर्षात १८२ दिवस भारतात राहिला असेल तर आधारही निघतं. व्हिसावर लांब मुदतीसाठी राहणाऱ्या परदेशी माणसाला जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात नोंद करावी लागते, तो कागद इथे कामाला येतो. (भावाला शेतजमीन किंवा कलमांची बाग विकत घ्यायची बंदी आहे, वारसाने आली तर चालते. त्यावरून त्याने ठरवून टाकलं होतं की गाडीही नावावर होणार नाही. आंब्याचा कायदा गाडीला लावून बसला होता.)

नेपाळच्या माणसाला तर व्हिसाच लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातल्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार यांत सारखी वागणूक द्यायचं दोन्ही देशांनी कबूल केलंय. ओळखीला नेपाळचा पासपोर्ट किंवा नागरिकता प्रमाणपत्र. बागेत मालकाच्या खोलीत राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, ही खरी अडचण. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार, नाहीतर आधार. पासपोर्ट नसलेल्या नेपाळ्याला आधारासाठी नागरिकता प्रमाणपत्राबरोबर नेपाळच्या वकिलातीचं ओळखपत्र लागतं. आमच्या माणसाचं आधार होतं, त्यामुळे अर्धी लढाई जिंकलेली. टेबलापलीकडच्या माणसाने असे कागद पहिल्यांदा बघितले तर तो साहेबांना विचारायला आत जातो. तेवढा वेळ बाकावर बसायची तयारी ठेवावी.

आता ‘मालक, तुमच्या नावावर करा’ याकडे वळतो, कारण कोकणात हे सर्रास चालतं. बागायतदाराच्या नावावर राखणदाराची गाडी, ट्रॉलरमालकाच्या नावावर खलाशाची गाडी. आपुलकीने केलेलं असतं, पण दोघांच्याही मुळावर येतं.

माझ्या बाजूने बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावाची नोंद तो मालक. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकली, पण आरसी पहिल्याच्याच नावावर राहिली, अशा एका अपघाताचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१८ मध्ये निकाल लागला: भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची. गाडी कधीच विकून मोकळे झालो, हे त्याचं म्हणणं चाललं नाही. उद्या बहादूरच्या गाडीने जामसंड्याच्या उतारावर कोणाला उडवलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या ओटीवर येईल. विमा असला तर कंपनी पैसे भरते, हे खरं. पण चालवणाऱ्याकडे वैध लायसन नसेल तर कंपनी पीडिताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. तो मालक मी.

त्याच्या बाजूने तर जास्तच वाईट. पॉलिसीत ‘मालक-चालक’ अपघात विमा असतो, पंधरा लाखांचा. प्रीमियम भरताना कोणी त्याच्याकडे बघत नाही. तो मिळतो गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, तोच विमाधारक असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल तर. गाडी माझ्या नावावर असती आणि तो त्याच गाडीच्या अपघातात गेला असता, तर ते पंधरा लाख त्याच्या घरच्यांना मिळाले नसते. आणि मी तर ती गाडी चालवतही नाही. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी घेतली त्यालाच सगळ्यात मोठं संरक्षण नाही. हे मी त्याला आंब्याच्या पेटीवर दोन कागद शेजारी शेजारी मांडून समजावलं. तो बराच वेळ पॉलिसीच्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मग माझ्याच नावावर करू.”

पॉलिसीच्या पोटात दोन वेगळे विमे असतात. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. तो कलम १४६ प्रमाणे सक्तीचा. नसला तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, पुन्हा सापडलात तर चार हजार, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. दोन्ही मिळून असतं त्याला आपल्याकडे ‘फुल’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, गाड्या बुडाल्या. अशा वेळी नुसती थर्ड पार्टी असलेल्याच्या हाती काही लागत नाही. पॉलिसी चालू असली तरी पूर हा तिचा विषयच नाही.

गाडी विकली की हे दोन भाग वेगवेगळ्या वाटेने जातात. थर्ड पार्टी गाडीबरोबर जाते. कलम १५७ म्हणतं, गाडी नव्या मालकाकडे गेली की पॉलिसीही गेली असं धरायचं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाचं नुकसान होऊ नये. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. ओन डॅमेज मात्र माणसाला चिकटलेला असतो. कंपनीने तो करार आधीच्या मालकाशी केलेला असतो, तुमच्याशी नाही. तुम्ही नाव बदलून घेईपर्यंत तुमच्या बाजूने कोणीच उभं नसतं: जुन्या मालकाची गाडी राहिलेली नाही, आणि तुमचा करार झालेला नाही.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी जुनी स्कूटर घेतली, आरसी रीतसर नावावर केली आणि पॉलिसी ‘अजून सात महिने आहे की’ म्हणून तशीच ठेवली. माडाखाली लावलेली असताना वरून नारळ आला. मीटर फुटलं, पुढचं सगळं चेपलं. क्लेम टाकला तर कंपनीने विचारलं, पॉलिसीवरचा माणूस कोण? मी म्हटलं, मागचा मालक. फाईल तिथेच बंद. फिटरने बिल लावलं, मी मुकाट भरलं.

नो क्लेम बोनसही माणसाचाच. पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे जुन्या मालकाची सूट ५० टक्क्यांवर गेली असेल, तर ती तो आपल्या पुढच्या गाडीला नेतो, तुम्हाला मिळत नाही. म्हणून गाडी विकताना कोणी ‘पॉलिसीत चांगला बोनस आहे’ असं सांगून दोन पैसे जास्त मागितले तर हसून सोडून द्यावं.

मुदतींचा घोळ इथेच होतो. त्याच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. पॉलिसीचं नाव बदलायला १४ दिवस. लोक काय करतात, आरसी नव्या नावाने घरी येईपर्यंत थांबतात आणि मग कंपनीकडे जातात. तोपर्यंत १४ दिवस कधीच संपलेले असतात. सह्या झालेले मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आणि आरटीओची पावती घेऊन आधीच अर्ज टाकावा. दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू झाली पाहिजेत.

भावाचं प्रकरण त्यामानाने लांबलं. राज्य बदललं की विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात, पण आधी गोव्याच्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला लागतो, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव आधी उतरवावं लागतं, फॉर्म ३५. मग ओरोसच्या आरटीओत जाऊन महाराष्ट्राचा कर भरायचा आणि एमएच ०७ नंबर घ्यायचा. बांद्यापलीकडे, गोव्यात, गाडी स्वस्त मिळते यात या कराचाही वाटा आहे. ‘बारा महिने तर चालते ना जीए नंबरवर’ असं त्याने ऐकलं होतं. ते कलम ४७ आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. ती सवलत नंबराची आहे. मालकाचं नाव बदलायला त्यातून एक दिवसही जास्त मिळत नाही. आणि त्याने स्वतःच्या नावाने काढलेली पॉलिसी? आरसीवर भलतंच नाव असताना ती ओन डॅमेजसाठी कागदाचा तुकडा. त्याला ते पटायला दोन संध्याकाळी आणि बरीच सोलकढी लागली.

शिवाय एक गोष्ट दोघांनाही लागू, दोन्ही कागदांच्या बाहेरची: लायसन. भाऊ इंटरनॅशनल परमिटवर एक वर्ष चालवू शकतो, त्याची तारीख संपली की क्लेमही अडतो. बहादूरला मी आधी लर्निंग काढायला लावलं, मग पक्कं.

त्याला अजून एक हौस होती, गाडी घेऊन एकदा गावी जायची. सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरून नेता येते, पण आपली पॉलिसी भारताच्या हद्दीत संपते. नेपाळासाठी जास्तीचा प्रीमियम भरून ती वाढवून घ्यावी लागते. ते ऐकून तो म्हणाला, रेल्वेच बरी. पावसाळ्यात गाडी आमच्या मांगरात ताडपत्रीखाली असते. श्रावणात पॉलिसी संपते आणि तो तिकडे असतो, म्हणून तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. संपून ९० दिवस गेले की असलेला बोनसही जातो.

फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. हँडलखालच्या नळीवर कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे उमटतात. खाऱ्या वाऱ्याने ती जागा इतकी गंजली होती की पहिल्या दोन वेळा नुसता काळा पट्टा आला. रॉकेलचा बोळा फिरवला, तिसऱ्या वेळी आकडे दिसले. त्याने ते एकेक मोठ्याने वाचले, मी आरसीशी ताडून बघितले. मग नावाच्या रकान्यात नागरिकता प्रमाणपत्रावरचं नाव लिहिलं. अकरा हंगामांनंतर मला त्याचं खरं नाव तेव्हा कळलं.

महिन्याभराने आरसी पोस्टाने आली. पोस्टमन अंगणात उभा राहून पाकिटावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होता. “हो कोण तुमच्याकडे?” मी बागेकडे हाक मारली. त्याने सही करून पाकीट घेतलं, उघडलं, पॉलिसीशेजारी धरलं. पॉलिसीवर कंपनीने त्याच्या आडनावातलं एक अक्षर चुकवलं होतं. ते त्यानेच दाखवलं. दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी टाकला.