शिकारी रायफलवरची आखूड दुर्बीण: ती कमी पटीची का राहिली

रायफलवरच्या दुर्बिणी आधी लहान होत्या आणि मग मोठ्या होत गेल्या, असा समज सहज होतो. सुरुवात मात्र उलटी होती. १८३५ ते १८४०च्या सुमारास जॉन चॅपमन या अभियंत्याच्या आराखड्यावरून न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या मॉर्गन जेम्स या बंदूककाराने दुर्बिणी बनवल्या. त्या बंदुकीच्या नळीइतक्या लांब होत्या. १८५५पासून सिराक्यूसच्या विल्यम माल्कमने रंगदोष, म्हणजे कडांना दिसणाऱ्या रंगीत छटा, कमी करणारी भिंगं वापरून त्या सुधारल्या, आणि त्याच्या काही दुर्बिणी वीस पटींपर्यंत मोठं दाखवत. अमेरिकन यादवी युद्धात लांबून नेम धरणाऱ्यांनी अशाच दुर्बिणी वापरल्या.

शिकाऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच होता. नळी लांब आणि बोटाएवढी अरुंद, त्यामुळे आत दिसणारा रानाचा तुकडा जेमतेम. डोळा मागच्या भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागे, आणि जोरदार धक्का देणाऱ्या बंदुकीवर तसं करणं धोक्याचंच. झाडीतून हरीण निघालं की दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात जनावर दुर्बिणीत सापडतच नसेल, तर ते कितीही मोठं दिसून काय फायदा?

म्हणून शिकारी दुर्बिणीची खरी सुरुवात मी ऑस्ट्रियात झाली असं मानतो. १८८०मध्ये श्ट्रोन्सडॉर्फच्या ऑगस्ट फिडलरने रायफलवर व्यवहारात चालेल अशी आखूड दुर्बीण तयार केली. फिडलर वनखात्याचा माणूस होता. रोज रानात वावरणाऱ्याला काय हवं, हे त्याला ठाऊक होतं. पुढे १८९८मध्ये कार्ल रॉबर्ट काल्स यांनी व्हिएन्नात कारखाना काढला आणि १९००च्या सुमारास त्यांची ‘टेलोरार’ बाजारात आली. पहिल्या महायुद्धानंतर येनाच्या त्साइसने जी मालिका आणली तिची नावंच बोलकी आहेत. ‘त्सील’ म्हणजे लक्ष्य. ‘त्सीलफिअर’ चार पटींची, ‘त्सीलझेक्स’ सहा पटींची, ‘त्सीलआख्ट’ आठ पटींची. या सगळ्यांत धाकटी ‘त्सीलक्लाइन’, म्हणजे ‘छोटी’. ती जेमतेम सव्वादोन पटींची होती.

मध्य युरोपातल्या शिकारीने इथेच दोन वाटा धरल्या. तिथला शिकारी एक तर संध्याकाळी मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहतो, किंवा हाका करून दिवसाउजेडी पळतं जनावर मारतो. मचाणावरच्या माणसाला अंधुक उजेडात जास्तीत जास्त प्रकाश हवा असतो, म्हणून आठ पट आणि ५६ मिलिमीटरचं पुढचं भिंग असा भरभक्कम प्रकार रूढ झाला. हाक्यावरच्या माणसाला रुंद दृश्य हवं. एकच दुर्बीण दोन्ही कामं करील, हा आग्रह त्या काळी कुणी धरला नाही, आणि मला तो शहाणपणा वाटतो.

अमेरिकेत छोटी दुर्बीण सामान्य माणसापर्यंत पोचली ती बिल वीव्हरमुळे. १९३०मध्ये, पंचविशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याने ‘३३०’ हे मॉडेल विकायला काढलं. जेमतेम पाऊण इंच जाडीची नळी, वर्धन तीन पटींच्या आसपास, आणि बैठकीसकट, म्हणजे दुर्बीण रायफलवर बसवायच्या पकडीसकट, किंमत १९ डॉलर. त्यापूर्वी चांगली दुर्बीण म्हणजे युरोपातून मागवलेली महागडी वस्तू असे. १९३३मध्ये वीव्हरने कारखाना टेक्सासमधल्या एल पासोला हलवला. त्याच दशकाच्या अखेरीस लायमनची अडीच पटींची ‘अलास्कन’ आली. ती इतकी मजबूत होती की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने गारँड रायफलच्या नेमबाजांच्या आवृत्तीवर तीच घेतली. शिकारीसाठी बनलेली छोटी दुर्बीण लष्कराने उचलावी, हे त्या वस्तूबद्दल पुष्कळ सांगून जातं.

भिंगांइतकाच वाटा रायफलच्या घडणीचाही होता, आणि त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. जुन्या माउझर रायफलचा किंवा विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल ५४चा बोल्ट, म्हणजे काडतूस भरायला मागे-पुढे सरकवायचा दांडा, उघडताना त्याची मूठ वर येई आणि दुर्बिणीवर आपटे. मग दुर्बीण उंच बसवावी लागे. दस्ता होता नळीवरची खाच आणि माशी जुळवून नेम धरण्यासाठी उतरता. उंच दुर्बिणीत पाहायचं तर गाल दस्त्यावरून उचलावा लागे, आणि डोकं अधांतरी राहिलं की नेमाचा भरवसा जातो. १९३६मध्ये विंचेस्टरने मॉडेल ७० काढलं, त्यात बोल्टची मूठ खाली वळवलेली होती. आता दुर्बीण नळीलगत बसू लागली. पण पुढचं भिंग लहान असेल तरच. सरळ नळीची, पुढे फुगवटा नसलेली २० मिलिमीटरची दुर्बीण जेवढी खाली बसते तेवढी ५० मिलिमीटरची कधीच बसणार नाही. बंदूक खांद्याला लागताच डोळा आपोआप दुर्बिणीमागे यावा, यासाठी ही उंची पटींपेक्षा महत्त्वाची आहे. आजही निवड करताना लोक आधी आकडे बघतात आणि बैठकीची उंची शेवटी. क्रम उलटा हवा.

लिव्हरच्या, म्हणजे घोड्याखालचा दांडा खालीवर करून भरायच्या, रायफलींचं वेगळंच दुखणं होतं. विंचेस्टर ९४ रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकत असे, त्यामुळे वर दुर्बीण बसवायची सोयच नव्हती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची रचना तिरक्या फेकीची झाली. १९४८च्या मार्लिन ३३६ला ही अडचण नव्हती, तिचा वरचा भाग बंद होता आणि काडतूस बाजूने पडे. दाट झाडीत शंभर यार्डांच्या आत हरीण मारायच्या या हलक्या बंदुकीवर अडीच-चार पटींची आखूड दुर्बीण अगदी शोभून दिसते.

दुसरी मोठी अडचण पाण्याची. जुन्या दुर्बिणी आतून धुरकट होत. उबेतून थंडीत आलं की भिंगावर आतून वाफ धरे आणि ऐन वेळी समोर पांढरा पडदा. ओरेगॉनच्या ल्युपोल्ड कंपनीने १९४७मध्ये आत नायट्रोजन भरून बंद केलेली ‘प्लेन्समन’ आणली. भिंगावरचं परावर्तन कमी करणारा लेप त्याआधीच, १९३५मध्ये त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला होता. हे दोन बदल झाल्यावर दुर्बीण भरवशाची झाली आणि उघड्या, म्हणजे दुर्बिणीविना धरायच्या, नेमाचा शेवटचा बळकट युक्तिवाद निकालात निघाला.

१९५० आणि ६०च्या दशकांत बदलत्या पटींच्या दुर्बिणींनी बाजार व्यापला आणि ‘३ ते ९’ पटी हा जणू नियमच झाला. सोय खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण किंमत काय मोजली? चार पटींवर शंभर यार्डांवर सुमारे ३० फूट रुंदीचं रान दिसतं, अडीच पटींवर ४० फुटांच्या आसपास, आणि नऊ पटींवर फक्त १४. मोठ्या पटीवर दुर्बीण ठेवून चालणारा शिकारी पायाशी उठलेलं जनावर गमावतो. वजनही वाढलं. अडीच पटींची २० मिलिमीटरची हलकी दुर्बीण १८५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि लांबी २० सेंटिमीटर. ३ ते ९ची साधारण दुप्पट वजनाची असते.

उजेडाचा हिशेबही लहान दुर्बिणीच्या बाजूचा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापाशी येतो. २० मिलिमीटर भागिले अडीच म्हणजे ८ मिलिमीटर. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते, वयाबरोबर त्याहून कमी. म्हणजे अडीच पटींवर २० मिलिमीटर पुरेसे आहेत, आणि झोत रुंद असल्यामुळे डोळा किंचित बाजूला असला तरी दृश्य काळं पडत नाही. अंधुक उजेडात बारकावे ओळखायला जास्त पटी मदत करतात हे खरं, पण ते मचाणावरचं काम झालं.

दुर्बीण डोळ्यापासून दूर, नळीवर बसवण्याचा प्रयोगही झाला. जर्मनांची दीड पटींची झेड-एफ ४१ ही अशी दुर्बीण दुसऱ्या महायुद्धात नेमबाजांना फारशी मानवली नाही. तीच कल्पना वेगळ्या हेतूने अ‍ॅरिझोनाच्या जेफ कूपर या बंदूकतज्ज्ञांनी उचलली. ‘स्काउट’ रायफलविषयी त्यांनी १९८३मध्ये परिषद भरवली आणि श्टायरने १९९०च्या दशकाच्या अखेरीस तशी बंदूक काढली. अडीच पटींची दुर्बीण पुढे, दोन्ही डोळे उघडे, बोल्टवरची जागा मोकळी. मला ही रचना दिवसाच्या झटपट नेमासाठी उत्तम वाटते. मागून ऊन आलं की मात्र भिंगावर चकाकी येते.

आजची पिढी एक पटीपासून सुरू होते. १९७५मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने लाल ठिपक्याचं साधन आणलं, ज्यात काहीच मोठं दिसत नाही. त्यातून पळत्या जनावरावर वर्धनाविना किती वेगाने नेम लागतो, हे शिकाऱ्यांना कळलं. दुर्बीण बनवणारेही मग त्याच दिशेने गेले. २००६मध्ये स्वारोव्हस्कीने १ ते ६ पटींची, २४ मिलिमीटरची मालिका आणली. तिच्यातून एक पटीवर शंभर मीटरवर सुमारे ४२ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. नळी मात्र ३० मिलिमीटरची आणि वजन पाचशे ग्रॅमच्या जवळ. हलक्या बंदुकीवर एवढा भार लादण्याआधी विचार व्हावा.

अशी दुर्बीण घेताना एक साधी परीक्षा करून पाहावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून सुरक्षित दिशेला वळावं, डोळे मिटावेत, ती खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवावा, आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण वर्तुळ लगेच दिसलं तर बैठक जमली. कडेला काळी कोर दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवावी, आणि तरीही डोकं उचलावंसं वाटलं तर बैठक उंच आहे. जोरदार धक्क्याच्या .३७५ एच अँड एचसारख्या काडतुसासाठी भिंग आणि कपाळ यांत निदान साडेतीन इंच हवेत, नाहीतर पहिल्याच गोळीला भुवईवर अर्धचंद्राकृती जखम होते.