तंत्रिकाहानी, हातापायांची (सोलापूर)

मेंदू व मेरुरज्जू यांच्याबाहेर पसरलेल्या तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होऊन हातापायांत मुंग्या, आग, बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो, त्या अवस्थेला परिसरीय तंत्रिकाविकार म्हणतात. सोलापूर शहर व जिल्ह्यात रुग्ण तपासताना चार कारणे आधी मनात धरावी लागतात : मधुमेह, कुष्ठरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मनगटात तंत्रिका दाबली जाणे. मद्यपान, मूत्रपिंडाचे जुनाट विकार, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता, क्षयावरील आयसोनियाझिड व कर्करोगावरील काही औषधे ही कारणे इतरत्र आढळतात तशी येथेही आढळतात.

रुग्ण बहुधा आग होते म्हणून दवाखान्यात येतो, बधिरपणासाठी क्वचितच. प्रस्तुत नोंदीत बधिरपणाला अधिक महत्त्व दिले आहे, कारण न कळलेली जखम, भाजणे आणि शेवटी पाय कापावा लागणे हे सारे बधिर पायाच्याच वाट्याला येते. चालताना चप्पल निसटून मागे राहते आणि ते कळत नाही, ही खूण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी तापलेल्या फरशीवर किंवा डांबरावर अनवाणी चार पावले टाकली तरी बधिर तळव्याला फोड येतात. पंढरीच्या वारीला किंवा सिद्धेश्वराच्या यात्रेला अनवाणी जाण्याचा नेम असलेल्या मधुमेही भाविकाने आधी पाय तपासून घ्यावेत आणि संवेदना गेलेली असल्यास पादत्राण घालूनच जावे.

तळपायांची आग : या लक्षणाचा स्वतंत्र विकार म्हणून इतिहास वादग्रस्त आहे. भारतीय लोकांतील पायांच्या जळजळीचे ग्रिअर्सन यांनी १८२६ साली केलेले वर्णन सामान्यतः पहिले मानले जाते. पुढे १९४६ च्या सुमारास आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी कुपोषित रुग्णांतील या विकाराचा अभ्यास केला व पँटोथेनिक आम्लाने (ब-५ जीवनसत्त्वाने) गुण येतो असे मांडले. त्यावरून ग्रिअर्सन-गोपालन लक्षणसमूह हे नाव रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धातील अतिपूर्वेच्या युद्धकैद्यांतही अशी आग मोठ्या प्रमाणावर आढळली होती. पँटोथेनिक आम्लाचा विरोधी पदार्थ देऊन स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत हातापायांची जळजळ उत्पन्न झाली, हा गोपालन यांच्या मताला आधार होय. मात्र उपाशी माणसात एकच जीवनसत्त्व कमी पडते असे सहसा घडत नाही. म्हणून ब-गटातील अनेक घटकांची एकत्रित उणीव हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या पठारावर या चर्चेला दुसराही पदर आहे. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो आम्लाचा संबंध पेलाग्राशी (ब-गटातील नायासिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाशी) जोडला. नंतरच्या प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत आणि हे मत आज सावधपणेच मांडले जाते. मंगळवेढ्याची ज्वारी खाणाऱ्याने त्यामुळे भाकरी सोडण्याचे कारण नाही. आजच्या रुग्णात तळपायांची आग दिसली की प्रथम रक्तातील साखर पाहावी.

निदान : मधुमेहातील हानी सर्वांत लांब तंत्रिकांपासून, म्हणजे दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होते व मोजे चढवावेत तशी वर सरकते, ती गुडघ्याजवळ पोचते त्या सुमारास हातांची बोटे बधिर होऊ लागतात. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवणे, १२८ हर्ट्झचा स्वरकाटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवणे व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहणे एवढ्याने बरेच कळते. तंत्रिकावहन चाचणी जाड तंतूंचीच माहिती देते. केवळ बारीक तंतू बिघडले असतील तर पाय जळत असूनही अहवाल सर्वसामान्य येऊ शकतो. अशा रुग्णाला ‘काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवणे अन्यायाचे आहे.

एकाच हाताची किंवा ठराविक बोटांची तक्रार असेल तर विचार बदलतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू बधिर होणे, रात्री मुंग्यांनी जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे ही कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटात तंत्रिका दाबली जाण्याची, लक्षणे होत. दिवसभर पान कातरणे, तंबाखू भरून विडी वळणे, टोके मुडपणे अशी मनगटाची तीच ती हालचाल करणाऱ्या सोलापूर शहराच्या पूर्वभागातील विडी कामगार स्त्रिया आणि मागावर काम करणारे विणकर यांच्यात हा विकार आवर्जून शोधावा. मनगटावर बोटाने ठोकल्यास बोटांत झिणझिण्या येतात. हॉफमन व टिनेल या दोघांनी ही खूण १९१५ साली वेगवेगळी नोंदवली, पण नाव टिनेलचे राहिले. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, न भागल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन व शेवटी शस्त्रक्रिया असा क्रम आहे. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकू लागला असेल तर थांबू नये.

कुष्ठरोगात कोपरामागील अल्नर, गुडघ्याबाहेरील पेरोनियल व घोट्याच्या आतील टिबियल तंत्रिका जाड होतात आणि चाचपताना तपासणाऱ्याच्या बोटांना लागतात. भारतात २००५ च्या अखेरीस या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. तरी नवे रुग्ण सापडतच असतात. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असल्यास निदान सहज होते. काही रुग्णांत मात्र चट्टा नसतो. म्हणून बधिर हात घेऊन आलेल्या प्रत्येकाचे कोपर चाचपलेच पाहिजे.

काही दिवसांतच पायांपासून वर चढणारा अशक्तपणा हा गियाँ-बारे लक्षणसमूह असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात त्याचा उद्रेक झाला होता. श्वसनाचे स्नायू दुबळे होण्याचा धोका असल्याने अशा रुग्णाला त्वरित रुग्णालयात हलवावे.

उपचार : कारण ठरल्याशिवाय ब-जीवनसत्त्वांची इंजेक्शने घेत राहण्याची पद्धत सोडली पाहिजे. ब-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तेच संवेदी तंत्रिकांना घातक ठरते. ब-१२ ची उणीव निव्वळ शाकाहारी व दीर्घकाळ मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तींत शोधावी. तीत नुसते फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो, पण तंत्रिकांची हानी चालूच राहते. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रीगाबालीन यांनी आग व वेदना कमी होतात. गेलेली संवेदना परत येत नाही. काशाच्या वाटीने तूप चोळण्याचा घरगुती उपाय धडधाकट तळव्याला सुखकारक आहे. भेगाळलेल्या, बधिर तळव्याला तो करू नये. गरम पाण्यात पाय बुडवणे व विटेचा शेक तर पूर्ण टाळावा.

कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात व प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतात. तंत्रिकेची नवी हानी ६ महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ती भरून येण्याची शक्यता बरीच असते. शहरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून त्याला संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे. तुटलेली तंत्रिका दिवसाला साधारण १ मिमी. वाढते, त्यामुळे कोपराजवळच्या इजेनंतर बोटांत हालचाल परतायला वर्ष लागू शकते. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून बोटांचा व्यायाम रोज करावा लागतो. वाकडी झालेली बोटे स्नायुबंध (कंडरा) वळवून सरळ करण्याची शस्त्रक्रियाही सांधे लवचीक असतील तरच साधते.