अंगणात कायोटी, खिशात एच-वन-बी: टेक्ससमध्ये रायफल घेण्याआधीचे कागद

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनीकडे राहणाऱ्या आपल्या लोकांत हिवाळा आला की एक विषय हमखास निघतो. रात्री कुंपणापलीकडे कोल्हेकुई सुरू होते, कुणाची मांजर गायब होते, कुणाचं छोटं कुत्रं थोडक्यात वाचतं. मग कुणीतरी विचारतं, “शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही अशी रायफल कोणती घ्यावी?” भीती अगदीच खोटी नाही. 2018 च्या अखेरीस फ्रिस्कोत एल्डोराडो पार्कवेच्या आसपास कायोटींनी माणसांवरही हल्ले केले होते. एरवी मात्र हा प्राणी माणसाला टाळतो. आपल्या कोल्ह्याहून दांडगा, लांडग्याहून किरकोळ, वजन साधारण 10 ते 20 किलो.

पण रायफल कोणती, हा प्रश्न रांगेत सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: तुम्ही कुठल्या जमिनीवर उभे आहात, कुठल्या व्हिसावर आहात आणि हातात कुठले कागद आहेत. आपल्यातल्या बहुतेकांचं घोडं पहिल्या दोन प्रश्नांतच अडतं. इथे टेक्ससचे नियम दिले आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर केंद्राचे नियम तेच, बाकी सगळं वेगळं.

आधी जमीन

टेक्ससमध्ये कायोटीला शिकारीचा बंद हंगाम नाही. खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, वर्षभर आणि रात्रीसुद्धा तो मारता येतो. हे वाचून लोक खूश होतात आणि पुढचं वाचत नाहीत. पुढचं असं: एक लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहराच्या हद्दीत बेपर्वाईने गोळी झाडणं हा राज्याच्या दंडसंहितेनुसार ‘क्लास ए’ गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत तुरुंगवास आणि 4,000 डॉलरपर्यंत दंड. फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी, अर्व्हिंग ही सगळी शहरं त्या आकड्याच्या वर आहेत. शिवाय बहुतेक शहरांचा स्वतःचा स्थानिक नियम असतो आणि पुष्कळदा त्यात छर्‍याची एअर रायफलही येते. सायलेन्सर लावला म्हणून या नियमांत काडीचाही फरक पडत नाही. कायदा आवाज मोजत नाही, गोळी कुठे जाऊ शकते ते पाहतो.

शहराबाहेर जमीन घेतली असेल तर? शहराच्या हद्दीलगतचा पट्टा आणि 1 सप्टेंबर 1981 नंतर शहरात सामील झालेला भाग यांच्यासाठी राज्याचा सर्वसाधारण नियम असा आहे. शॉटगन किंवा एअर रायफल असेल तर किमान 10 एकर जमीन आणि दुसऱ्याच्या घरापासून 150 फुटांहून जास्त अंतर. साधी रायफल असेल तर किमान 50 एकर आणि 300 फुटांहून जास्त. गोळी हद्दीबाहेर जाणार नाही अशा बेताने झाडायची, ही अट दोन्हीकडे. एवढं सांभाळलं तर शहराला तिथे मनाई करता येत नाही. काही मोठ्या काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शहरांना वेगळं कलम लागू आहे आणि शहराबाहेरच्या सबडिव्हिजनमध्ये 10 एकरांपर्यंतच्या प्लॉटवर काउंटीही बंदी घालू शकते. म्हणून शहराच्या आणि शेरीफच्या कार्यालयात आपला पत्ता सांगून विचारून घ्यावं. पाव एकराच्या प्लॉटवर राहणाऱ्याने मात्र इथेच थांबून शेवटचा भाग वाचायला हरकत नाही.

मग व्हिसा

अमेरिकेत बंदूक बाळगायला सिटिझन असावं लागतं हा समज चुकीचा. ग्रीन कार्डवाल्याला ती घेता येते. पण एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचे व्हिसे, आणि या व्हिशांवर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायलाच केंद्रीय कायद्याची मनाई आहे. दुकानदार विकतो की नाही हा मुद्दाच नाही; ताबा हाच गुन्हा. शिक्षा 15 वर्षांपर्यंत.

या मनाईला अपवाद आहेत. त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू, मुदतीतला शिकारीचा परवाना. तो आहे तोवर मनाई लागू नाही. आता गंमत पाहा. कायोटी तुमच्या कोंबड्यांवर, कुत्र्यावर, जनावरांवर हल्ला करत असेल, करण्याच्या बेतात असेल किंवा नुकताच करून गेला असेल, तर त्याला मारायला टेक्ससमध्ये शिकारीचा परवाना लागत नाही. म्हणजे मारायला परवाना नको, पण एच-वन-बीवाल्याला रायफल हातात धरायला तोच परवाना हवा. ‘डेप्रेडेशनला (म्हणजे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायला) लायसन्स लागत नाही’ एवढं ऐकून बसलेली मंडळी नेमकी इथेच फसतात.

दुसरा खड्डा तारखेचा. टेक्ससचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो, तुम्ही तो सप्टेंबरात घेतलेला असो की जूनमध्ये. 1 सप्टेंबरला नवा परवाना खिशात नसेल तर कपाटातली रायफल त्या सकाळपासून बेकायदा. मी असतो तर भाडेकराराच्या आधी ही तारीख कॅलेंडरमध्ये टाकली असती.

घरात एक जण सिटिझन आणि दुसरा व्हिसावर असेल तर रायफल सिटिझनच्या नावावर, कुलपात, आणि किल्ली त्याच्याचकडे. दोघांच्या हाताशी असलेली बंदूक दोघांच्या ताब्यात आहे असं कोर्ट धरू शकतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना हौसेने शूटिंग रेंजवर नेण्याआधीही हेच लक्षात ठेवा: तिथे भाड्याची बंदूक हातात घेणं हाही ताबाच.

आणि हे सगळं इतकं ताणून सांगायचं कारण: बंदुकीच्या कायद्याखाली दोषी ठरलं तर इमिग्रेशन कायद्यानुसार देशातून काढता येतं, ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाने एका कायोटीपायी ती पणाला लावू नये.

शिकारीचा परवाना कसा काढायचा

परवाना टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा. त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो, तसाच खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांतही. टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर तुम्ही रहिवासी. साधा रहिवासी परवाना 25 डॉलरचा. त्याहून कमी दिवस झाले असतील तर बाहेरच्यांचा, बराच महाग परवाना घ्यावा लागतो. लागणारे कागद म्हणजे ओळखपत्र, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर.

2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार करण्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. प्रौढांना तो ऑनलाइन करता येतो. एकदाच मिळणारी सवलत घेऊन तो पुढे ढकलताही येतो, पण आयुष्यात कधी बंदूक न धरलेल्या आपल्यासारख्यांनी कोर्स आधी करावा. कुंपण कसं ओलांडायचं, निशाण्याच्या मागे काय आहे ते कसं पाहायचं, हे तिथे शिकवतात.

दुकानात काय होतं

टेक्ससमध्ये रायफल विकत घ्यायला राज्याचा वेगळा परवाना नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून लांब नळीची बंदूक घ्यायला वय 18 पूर्ण हवं. तिथे 4473 नंबरचा केंद्रीय फॉर्म भरायचा. सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी न्यायचं. ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा नंबर, व्हिसावर असाल तर आय-94 चा (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा) नंबर आणि शिकारीचा परवाना, तोही मूळ. लायसन्सवर जुना पत्ता असला आणि नवा पत्ता दाखवणारा दुसरा सरकारी कागद नसला की विक्री तिथेच थांबते. घर बदलून महिना झाला तरी आपण ते बदललेलं नसतं.

फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो. आधी ‘हो’ म्हणायचं, मग अपवादाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. घाबरून ‘नाही’ वर खूण करणं हा स्वतंत्र गुन्हा. गांजाचा प्रश्नही असतो आणि राज्यात तो चालत असला तरी केंद्रात चालत नाही हे फॉर्मवरच छापलेलं असतं. मग एफबीआयच्या यंत्रणेत तपासणी होते. उत्तर तीनपैकी एक: प्रोसीड, डिलेड, डिनाइड. आपल्या नावांच्या स्पेलिंगमुळे ‘डिलेड’ आलं तर बिचकू नये.

सायलेन्सर

याचं कागदोपत्री नाव सप्रेसर. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली त्याची वेगळी नोंदणी होते. विक्रेत्याकडून घ्यायला वय 21. फॉर्म 4, पासपोर्ट आकाराचा फोटो, बोटांचे ठसे आणि स्थानिक पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला अर्जाची प्रत. त्यांची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं. मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानातच राहते. पूर्वी 200 डॉलरचा कर होता. 1 जानेवारी 2026 पासून तो शून्य झाला. नोंदणी मात्र तशीच आहे, आणि कर गेला म्हणजे कागद गेले असं समजणारे बरेच भेटतात.

कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स इथे सामान्य माणसाला तो ठेवताच येत नाही. उद्या नोकरी बदलून न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलात तर सामानाच्या ट्रकमध्ये तो टाकू नका. न्यू जर्सीत तर एअर रायफलसुद्धा बंदूकच धरली जाते.

आता रायफल

सप्रेसर नळीच्या तोंडाचा धमाका कमी करतो, गोळीचा कडाका नाही. हवेतल्या आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1,100 फूट; .223 कॅलिबरची (नळीच्या मापाची) गोळी त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाते, त्यामुळे कडाका ऐकू येणारच. सबसॉनिक, म्हणजे आवाजाहून कमी वेगाची .22 खरंच शांत असते, पण कायोटीसाठी अशक्त. जखमी जनावर शेजारच्या अंगणात जाऊन पडतं, आणि ती हलकी गोळी दगडावर आपटून भलतीकडेच उडते. सिनेमातली ‘फुस्स’ रायफल दुकानात मिळत नाही.

शहरात राहत असाल तर

शहराच्या ॲनिमल सर्व्हिसेसला फोन करा. तारीख, वेळ, जागा, प्राणी दिवसा दिसला का, माणसाला घाबरला का, हे सांगा. धीट झालेल्या प्राण्यावर कारवाई करायची की नाही हे अशा नोंदींवरून ठरतं. मांजरीचं खाणं रात्री आत घ्या, पक्ष्यांचे दाणे खाली सांडू देऊ नका, कुत्र्याला आखूड पट्ट्यावर फिरवा. समोर आला तर पळू नका. हात उंच करून ओरडा, भांडं वाजवा.

पिंजरा लावून पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा, हा आपल्याकडचा दयाळू विचारही इथे चालत नाही. रेबीजमुळे 1995 पासून टेक्ससभर जिवंत कायोटीची ने-आण बंद आहे.